सोवळ्यातलं समन्स

शरदिनीबाई वकील होत्या, आणि काशीत दूधविनायकाच्या गल्लीत वकील असणं म्हणजे रस्त्यावरची पाणपोई असणं. जाता-येता कोणीही थांबावं आणि ओंजळ पुढे करावी. कचहरीत, म्हणजे कोर्टात, जाऊन त्यांना गाठायचं तर रिक्षा करा, बाकावर ताटकळा. त्यापेक्षा त्या भाजी घेत असताना विचारलेलं बरं, असं सगळ्या गल्लीचं मत होतं.

प्रश्नांची सुरुवात बहुतेक एकाच तऱ्हेने होई. "माझं काही नाही हो, एका ओळखीच्या बाईंचं आहे." मग त्या ओळखीच्या बाईंची सासू, त्यांचा जिना, त्यांच्या नळाची वेळ, सगळं विचारणारीशी तंतोतंत जुळे. शरदिनीबाई ते कधी बोलून दाखवत नसत. "त्या बाईंना सांगा," अशीच उत्तराची सुरुवात करत.

मंगला गौरीच्या देवळाबाहेर चपला शोधत असताना अंबिकाबाईंनी त्यांना अडवलं होतं. "सासूबाई स्वप्नात आल्या आणि म्हणाल्या, वरची खोली तुझी. हे मृत्युपत्र धरतात का?"

"मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात," शरदिनीबाई म्हणाल्या. "स्वप्नात आणखी कोण होतं?"

अंबिकाबाईंनी डोळे मिटून आठवलं. "एक म्हैस होती."

"सही करील का?"

तसंच एका घरमालकाचं. भाडेकरूचा पोपट त्याला उठल्यासुटल्या शिव्या देई. दावा पोपटावर लावायचा की भाडेकरूवर, असं त्याने विचारलं.

"पोपट शिव्या कुठे शिकला?"

"माझ्याकडूनच. मी रोज जिन्यात उभा राहून भाडेकरूला देतो ना."

"मग पोपट तुमचा साक्षीदार आहे. त्याला दुखवू नका."

लोकांना हवं असे एक 'हो' किंवा एक 'नाही'. शरदिनीबाई त्याआधी उलट विचारत. कागद आहे का, कधीपासून आहे, कोण कोणाला काय म्हणालं. लोक कंटाळत. पण वैद्यसुद्धा पोट कुठे दुखतं ते विचारल्याशिवाय पुडी देत नाही. एकाच दुखण्याची चार कारणं असतात, तशी एकाच भांडणाची चार उत्तरं असतात, आणि तुमचं कोणतं हे तुम्हीच सांगायचं असतं.

हे सगळ्यांत कमी पटत असे ब्रह्मा घाटावरच्या ढुंढिराज गुरुजींना. ते वेद शिकवत. त्यांना सगळ्याचं उत्तर आधीच माहीत असे. ते फक्त शरदिनीबाईंना माहीत आहे का ते पाहायला विचारत.

गुरुजींचं प्रकरण १९९५ सालच्या माघ महिन्यातलं. कारण म्हणाल तर एक बांबू.

गुरुजींच्या गच्चीच्या कठड्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत, गल्लीवर आडवा, एक बांबू टाकलेला होता. त्यावर त्यांचं सोवळं वाळत असे. ज्यांच्या घरी सोवळं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. स्नान करायचं, धुऊन वेगळं वाळवलेलं, कोणाचा हात न लागलेलं वस्त्र नेसायचं, आणि मग पूजा-जेवण आटोपेपर्यंत बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. रस्त्यावरून आलेला माणूस, नेहमीचं सुती कापड, बाजारातला कागद, यांतलं काहीही लागलं की सोवळं मोडलं. पुन्हा स्नान. रेशीम आणि लोकर मात्र चालते. त्यांना विटाळ नाही. आणि वस्त्र कोणाचा हात लागू नये म्हणून उंचावर वाळत घालायचं. म्हणून तो बांबू.

आता उंचावरचं ओलं वस्त्र खाली ठिबकणारच. खाली उल्हास उभी करी आपली नवी स्कूटर. उल्हास समोरच राहायचा, रेल्वेच्या ऑफिसात होता. रोज सकाळी तो ठिबकलेल्या सीटवर बसे आणि ऑफिसात जे व्हायचं ते होई. साहेब त्याला मागून बघून म्हणाले, "उल्हासजी, तबियत ठीक है न?"

तो गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, "अहो, गंगाजल आहे ते! लोक लांबून लांबून येतात त्यासाठी."

"पण ते बसून घेत नाहीत, गुरुजी!"

बोलण्यातून बोलणं वाढलं. उल्हास रागाच्या भरात तसाच, मागून ओला, कचहरीत गेला आणि बांबू काढावा म्हणून दावा लावून आला. संध्याकाळी राग उतरला, पण दावा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरातून गुरुजींकडे वाटीभर कढी गेली आणि गुरुजींच्या इंदूबाईंनी वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून लिंबाचं लोणचं घालून परत पाठवली. भांडण फक्त बांबूचं होतं.

काही दिवसांनी समन्स निघालं. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. तुमच्यावर अमक्याने दावा लावला आहे, अमक्या तारखेला या आणि तुमचं म्हणणं सांगा, एवढंच त्यात असतं. ते हातात द्यायला कचहरीतून श्रीराम नावाचा माणूस आला. खाकी कोट, मफलर, सायकल, आणि अतिशय देवभोळा.

"गुरुजी, परनाम. ई समन है आपके नाम का. ले लीजिए, दस्तखत कर दीजिए."

गुरुजी नुकतेच घाटावरून आलेले. अंगावर ओलं सोवळं, हातात तांब्या. ते दोन पावलं मागे सरले. "लेंगे भइया, जरूर लेंगे. मना कौन कर रहा है? लेकिन अभी हम सोवळ्यात हैं."

"तो हम रुकें?"

"रुकिए."

श्रीराम थांबला. गुरुजींची पूजा झाली, जप झाला, विद्यार्थ्यांचा पाठ झाला. दुपारी नैवेद्य झाला. श्रीराम उठून गेला. गुरुजी खिडकीतून बघत होते. तो दिसेनासा झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो इंदूबाईंना मुळीच आवडला नाही.

"अहो, हे काय डोक्यात आलंय तुमच्या?"

"सोवळ्यात कागदाला शिवायचं नाही. कागदाला शिवलो नाही तर समन्स घेतलं नाही. घेतलं नाही तर खटला नाही. शास्त्र आणि कायदा इथे एक झाले, इंदू!"

त्या दिवसापासून गुरुजी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत सोवळ्यात राहू लागले. चहा बंद झाला, वर्तमानपत्र बंद झालं. ते नुसते दारातून आत आणि आतून दारात, हात अंगाशी धरून, पाण्यातल्या बगळ्यासारखे फिरत.

श्रीराम कधी सकाळी येई, कधी भर दुपारी. उत्तर एकच. "लेंगे, जरूर लेंगे. अभी सोवळ्यात हैं."

बिचारा पेचात पडला. माणूस समन्स नाकारत असेल तर 'नाकारलं' असं लिहून ते दारावर चिकटवता येतं आणि काम संपतं. पण गुरुजी नाकारत कुठे होते? कचहरीतल्या बाबूने फॉर्मवरचे दोनच रकाने दाखवत त्याला झापलं, "लिया, या नहीं लिया? तीसरा खाना नहीं है!"

"बाबूजी, ऊ न ले रहे हैं, न मना कर रहे हैं. गीली धोती में खड़े होके हँस रहे हैं. क्या लिखें?"

"लिख दो मना किया."

"ब्राह्मण आदमी, ऊपर से काशी. झूठ लिख दिए तो ऊपर अपील भी नहीं होगी."

हे सगळं असंच वसंतापर्यंत चाललं असतं. पण मध्येच देवश्री आली.

देवश्री ही गुरुजींची एकुलती एक मुलगी, जबलपूरला दिलेली. ती आपली सहा महिन्यांची बकुळ घेऊन माहेरी आली, उष्टावणासाठी. उष्टावण म्हणजे बाळाला पहिल्यांदा खीर चाटवायची. मामाने मांडीवर घेऊन चाटवायची असते. मामा नसेल तर आजोबांनी. बकुळला मामा नव्हता. गुरुजींनी नातीला अजून पाहिलंही नव्हतं. महिनाभर आधीपासून ते पंचांग घेऊन बसले होते आणि शुक्रवारी दुपारचा उत्तम मुहूर्त त्यांनी स्वतः काढला होता.

देवश्री दारात उभी राहिली. बकुळ तिच्या कडेवर, पिवळा स्वेटर, पिवळी टोपी, त्यातून दोन डोळे आणि एक नाक. गुरुजी धावत आले आणि हातभर अंतरावर कचकन थांबले.

"अप्पा, घ्या ना."

"सोवळ्यात आहे गं."

"अप्पा! दोन वाजलेत!"

इंदूबाईंनी तिला सगळं सांगितलं. देवश्रीने कपाळावर हात मारला. "हद हो गई, अप्पा!"

गुरुजी मात्र विचार करत होते. "उघडं मूल सोवळ्यात चालतं. अंगावर वस्त्र नाही तर विटाळ कशाचा? तू तिचे कपडे काढ, मी घेतो."

"या थंडीत? मुळीच नाही! तिला सर्दी झाली तर रात्री तुम्ही जागणार आहात का?"

गुरुजी थोडे जवळ सरकले. स्वेटरकडे बघून म्हणाले, "लोकर ना ही? मग काय, लोकर चालते!"

"लोकर कुठली अप्पा, कॅशमिलॉन आहे."

"कॅशमिलॉन म्हणजे कोणती मेंढी?"

"मेंढी नाही. कारखाना."

गुरुजींचे पुढे आलेले हात हळूहळू खाली गेले. बकुळ त्यांच्या शेंडीकडे बघून हसली. तिने दोन्ही हात पुढे केले. गुरुजी मागे सरले आणि देवघरात जाऊन बसले. त्या दिवशी जपात त्यांची माळ तीनदा हातातून पडली.

संध्याकाळी सोवळं सोडल्यावर तरी घ्यावं, तर दिवेलागणीला बकुळ झोपून जाई. देवश्रीची ताकीद होती, जो उठवेल तो झोपवेल. गुरुजी पाळण्याशी उभे राहून नुसतं बघत. "नाक आपल्याकडचं आहे," असं ते रोज कुजबुजत, आणि रोज इंदूबाई त्यांना सांगत, "नाकाला काय हात लावायचाय? सकाळी सोवळं सोडा आणि घ्या की मांडीवर!"

एकदा त्यांनी युक्ती केली. इंदूबाईंचं रेशमी पातळ पसरलं, त्यात बकुळला गुंडाळायला लावलं. श्रीराम नेमका दारात पायरीवर बसलेला. इंदूबाईंनी गाठोडं पुढे केलं. गुरुजींनी हात पसरले. एवढ्यात गाठोड्यातून एक पिवळी बाही बाहेर आली आणि गुरुजींच्या नाकाच्या दिशेने निघाली.

श्रीराम पायरीवरून उठला. कोटाच्या खिशात हात घातला.

"मागे घे! मागे घे!" गुरुजी ओरडले. इंदूबाईंनी गाठोडं मागे ओढलं. बाही हवेतच राहिली. श्रीराम निःश्वास टाकून परत खाली बसला. "बस एक बित्ता रह गया था," तो वीतभर बोटं पसरून हळहळला.

त्या संध्याकाळी गुरुजी दूधविनायकाला गेले. शरदिनीबाई दारात कंदिलाची काच पुसत होत्या, कारण वीज गेली होती.

"शरदिनी, एका ओळखीच्या गृहस्थांचं विचारायचं होतं."

"विचारा, गुरुजी."

"त्या गृहस्थांना समन्स आलंय. त्यांनी ते घेतलं नाही, तर खटला चालत नाही ना?"

"चालतो."

गुरुजी दचकले. आज पहिल्यांदाच बाईंनी उलट प्रश्न न विचारता उत्तर दिलं होतं.

"ते नाकारत नाहीत गं. ते फक्त... घेत नाहीत."

"त्या गृहस्थांना सांगा, श्रीराम भला माणूस आहे म्हणून हे चाललंय. उद्या दुसरा येईल. तो 'नाकारलं' असं लिहील आणि दारावर चिकटवून जाईल. मग तारीख पडेल, आणि ते गृहस्थ घरी सोवळ्यात. कोर्ट एकाच बाजूचं ऐकेल आणि निकाल देऊन टाकेल. त्यांचं म्हणणं काय होतं हे कोणाला कळणारच नाही."

"पण घेतलं, सही केली, म्हणजे कबूलच केलं ना सगळं?"

"नाही हो! सही म्हणजे कागद मिळाला, एवढंच. तुमच्या घरी लग्नाची पत्रिका येते, तुम्ही घेता. म्हणजे तुमचं लग्न झालं का?"

गुरुजींनी दुसरी बाजू काढली. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमचे वडील सांगत."

"बरोबर सांगत. पण दावा उल्हासने लावलाय. पायरी तो चढलाय. ते गृहस्थ नुसते बोलावलं म्हणून जाणार."

"उल्हास तुला कोणी सांगितला? मी नाव घेतलं नव्हतं," गुरुजी ताठ होऊन म्हणाले, आणि निघून गेले. वाटेत त्यांनी ठरवलं की शरदिनीला कायदा येतो पण शास्त्र येत नाही. सोवळं चालूच राहिलं.

शुक्रवार उजाडला. अंगणात रांगोळी, पाट, चांदीची वाटी, केशर घातलेली खीर. शरदिनीबाईंना जेवायला बोलावलं होतं. उल्हासलाही बोलावलं होतं, कारण इंदूबाई म्हणाल्या, "दावा कोर्टात आहे, स्वयंपाकघरात नाही." उल्हास कोपऱ्यात, गुरुजींची नजर चुकवून, पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता.

गुरुजींनी यावेळी उपाय शोधला होता. बकुळला रेशमी झबलं घालायचं. वरून पायापर्यंत रेशीम, बाह्यांसकट, मुठीवरून दोऱ्यांनी बांधलेलं. देवश्री कबूल झाली. "पण स्वेटर आत राहील, अप्पा."

गुरुजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. विचारलंच नाही तर उत्तर ऐकावं लागत नाही, एवढं त्यांनी वकिलांच्या सहवासात शिकून घेतलं होतं.

मुहूर्त आला. बकुळ गुरुजींच्या मांडीवर बसली.

गुरुजींनी तिला दोन्ही हातांनी धरलं. एक हात तिच्या पोटाशी, एक पाठीशी. इतके दिवस जिच्याभोवती ते हातभर अंतरावरून फिरत होते ती त्यांच्या मांडीवर जड होऊन बसली होती, आणि तिला त्यांची शेंडी मिळाली होती. ती तिने ओढली. गुरुजींना दुखलं असणार. पण ते असे हसत होते की इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"गुरुजी, परनाम," दारातून आवाज आला.

"आलास का," गुरुजी म्हणाले. आज आवाजात राग नव्हता. "बैठो भइया. आज प्रसाद लेके जाना. हम अभी..."

"मालूम है. सोवळ्यात हैं."

श्रीराम आत आला. समोर शरदिनीबाई दिसल्या तसा त्याचा धीर वाढला. वकील भेटला की लोक विचारणारच. त्याने खिशातून समन्स काढलं आणि त्यांच्याकडे न्यायला लागला. "वकील साहिबा, आपै बताइए, हम इसपे क्या लिखें..."

शरदिनीबाई पलीकडच्या भिंतीशी होत्या. वाट पाटाच्या जवळून जात होती.

बकुळला अजून दात नव्हते, पण हिरड्या शिवशिवत होत्या. रेशमी मुठीची दोरी तिने कधीच सोडवली होती. तिच्या डोळ्यांसमोरून एक सुंदर, कडकडीत, निळ्या शिक्क्याचा कागद चालला होता. तिने तो धरला. श्रीरामने सोडला नाही, तिनेही सोडला नाही. मग श्रीरामच्या लक्षात आलं की आपण सहा महिन्यांच्या मुलीशी ओढाओढ करतोय, आणि त्याने सोडला.

समन्स बकुळच्या हातात होतं.

"वकील साहिबा!" तो ओरडला. "ई तामील हो गया कि नहीं?"

"घरातलीच आहे," शरदिनीबाई म्हणाल्या, "पण सज्ञान नाही. समन्स पोचलं असं धरणार नाहीत."

बकुळने समन्स तोंडात घातलं.

"अगं बाई! उष्टावण!" इंदूबाई किंचाळल्या. त्यांचे दोन्ही हात खिरीत. देवश्री समई सावरायला वाकलेली. उल्हासच्या हातात पेढे. शरदिनीबाई लांब. बकुळ मन लावून चावत होती. शिक्क्याचा कोपरा तोंडात गेला, मग त्यामागून आणखी थोडा. ती खोकली.

गुरुजींनी एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने कागद ओढला, आणि मग बोट घालून तिच्या जिभेखालचा ओला तुकडाही काढला.

बकुळने जोरदार भोकाड पसरलं. म्हणजे सगळं ठीक होतं. तिच्या ओठावर निळी शाई लागली होती. इंदूबाईंनी ती तुपाच्या बोटाने पुसली.

मग सगळ्यांनी गुरुजींच्या हाताकडे पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. समन्स त्यांच्या हातात होतं.

"गुरुजी," श्रीराम हात जोडून म्हणाला, "ले लिए आप."

"मी घेतलं नाही! मी काढून घेतलं!"

"कोणाकडून?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"बकुळकडून."

"आणि आता ते कुठे आहे?"

गुरुजींनी ओला कागद एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला. इतके दिवस त्याला घाबरून ते सोवळ्यात चहावाचून राहिले होते, आणि एवढ्याशा पोरीने तो खाऊ म्हणून खाल्ला होता.

"शरदिनी," ते हळूच म्हणाले. यावेळी ओळखीचे गृहस्थ मध्ये आले नाहीत. "हे घेतलं, तर मला काय होईल?"

"एक तारीख मिळेल. त्या दिवशी जायचं आणि बांबू कधीपासून आहे, कशासाठी आहे, ते सांगायचं."

"मला बोलू देतील?"

"बोलावलंच त्यासाठी आहे."

"मध्ये थांबवणार नाहीत?"

"ते तुम्ही किती बोलता त्यावर आहे."

गुरुजींचे डोळे चमकले. चाळीस वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. पण आपलं म्हणणं कोणी बसून ऐकावं, वर ते लिहूनही घ्यावं, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी बकुळला डाव्या हाताने सावरलं आणि उजवा हात पुढे केला. "कलम लाओ, भइया."

सही झाली. श्रीरामने समाधानाने कागद पाहिला आणि मग त्याचा चेहरा पडला. "साहिबा, दफ्तर में पूछेंगे ई कोना कौन खाया."

"त्यांना सांग, समन्स घरच्यांनी आवडीने घेतलं."

कोपऱ्यातून उल्हास पुढे आला. कान लाल झाले होते. "गुरुजी, मी आता... म्हणजे, शरदिनीताई, दावा मागे घेता येतो का? मला ते सोमवारीच करायचं होतं, पण..."

"येतो," शरदिनीबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही!" गुरुजी गरजले. बकुळ दचकून रडायची थांबली. "खबरदार मागे घ्याल तर! एवढ्या कष्टाने मी समन्स घेतलं. मी बोलणार आहे. सोवळ्याचा अर्थ, वस्त्राचा अर्थ, वाळण्याचा अर्थ..."

"गुरुजी, मला रजा काढावी लागेल हो!"

"काढा. एकत्रच जाऊ. तुमच्या स्कूटरवरून."

"सीट ओली असेल," उल्हास म्हणाला.

गुरुजींनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं. ओल्या सीटवर आपण बसायचं आहे हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला होता. "मग... बांबू हातभर अलीकडे घ्यावा लागेल त्या दिवशी," ते पुटपुटले.

"फक्त त्या दिवशी?"

"बघू. ते मी कोर्टात सांगेन."

खीर चाटवली गेली. बकुळला ती कागदाइतकी आवडली नाही. पानं मांडली, सगळे जेवले. श्रीरामने खिरीच्या तीन वाट्या खाल्ल्या आणि जाताना बकुळच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

गुरुजी मात्र पाटावरून उठेनात. बकुळ त्यांच्या मांडीवर झोपली होती. रेशमी झबलं वर सरकून खालचा पिवळा कॅशमिलॉन दिसत होता, आणि गुरुजी त्यावरूनच तिला थोपटत होते. ते एका हाताने जेवले होते. पाय बधिर झाले होते, पण हलायचं नाव नाही.

"अप्पा, द्या ना आता तिला," देवश्री म्हणाली.

"अशी कशी देऊ? ताबा माझ्याकडे आहे."

"अप्पा!"

"तुझं काही म्हणणं असेल तर रीतसर दावा लाव. समन्स पाठव. मी घेईन."

देवश्री शरदिनीबाईंकडे वळली. "मावशी, देखिए ना इनको! आता मी काय करू?"

शरदिनीबाई विड्याला चुना लावत होत्या. "तिला भूक कधी लागते?"

"आता लागेलच."

"मग काही करू नकोस. ताबा आपोआप परत मिळतो."

आणि खरंच थोड्या वेळाने बकुळने डोळे उघडले, आजोबांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की घाटावरची कबुतरं उडाली. गुरुजींनी कुठलीही अट न घालता तिला आईच्या हवाली केलं.